आजोबा गेल्याचं सांगायचं राहिलं

गेल्या हिवाळ्यात माझे आजोबा बार्टली गेरॅटी एकशे बत्तीस वर्षांचे झाले आणि परगणा कौन्सिलच्या मते त्यांची प्रकृती उत्तम होती. ही आनंदाची बातमी मला दफनभूमी विभागातल्या टिअर्नी नावाच्या गृहस्थांनी दिली. त्यांच्या टेबलावर निवडुंगाची एक कुंडी होती आणि बोलताना ते माझ्याकडे कमी आणि निवडुंगाकडे जास्त बघत होते.

"थडगं बार्टली गेरॅटींच्या नावावर आहे," ते म्हणाले. "उघडायचं तर मालकाची सही लागेल."

"मालक त्याच थडग्यात आहेत," मी म्हणालो.

"तसा दाखला आणा."

"दाखला कशाला? सगळ्या क्लूनारा गावाला माहीत आहे."

"मग क्लूनाराने कुठे लिहून ठेवलंय ते आणा. नाहीतर मिस्टर गेरॅटींना घेऊन या. आम्ही चार वाजेपर्यंत असतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. निवडुंगही हसला नाही.

आता थडगं उघडायचं कारण. माझी कन्सेप्टा आत्या, म्हणजे बार्टलींची सगळ्यात धाकटी आणि आता एकटीच उरलेली लेक, त्र्याण्णव वर्षांची होती आणि तिची छाती भरत चालली होती. आत्याने लग्न केलं नाही. आयुष्यभर ती एकामागून एक फादरांच्या घरी घर सांभाळायला राहिली. फादर बदलले की तिची पेटीही बदलीच्या गावी जायची. तिच्या नावावर कधी खोली नव्हती, की खिडकी नव्हती. म्हातारपणी ती वृद्धाश्रमात आली, तिथेही खोलीत दुसरी एक बाई होती आणि तिचा रेडिओ. आत्याने एकच गोष्ट मागितली होती. जुन्या दफनभूमीत, शॅनन नदीच्या बाजूच्या भिंतीलगत, आईवडिलांशेजारी जागा.

"जन्मभर परक्यांच्या घरात झोपले रे," ती म्हणायची. "एकदा तरी आपल्या माणसांत झोपू दे."

बाकी तयारी तिने स्वतःच करून ठेवली होती. कोणतं स्तोत्र म्हणायचं, कोणतं म्हणायचं नाही, सँडविचमधलं हॅम कुठल्या खाटकाकडून आणायचं, सगळं ठरलेलं. थडग्याचं काम तेवढं तिने माझ्यावर सोपवलं, कारण मी निवृत्त भूगोल शिक्षक, शिवाय क्लूनारा स्थानिक इतिहास मंडळाचा कार्यवाह. उन्हाळ्यात अमेरिकेतून जी मंडळी आपले पूर्वज शोधायला येतात, त्यांना पूर्वज काढून देण्याचं काम गेली कित्येक वर्षं मीच करतो. ओहायोच्या एका दंतवैद्याला मी त्याची पणजी एका दुपारी काढून दिली होती. त्या माझ्यावर स्वतःचे आजोबा हरवण्याची वेळ यावी, हे मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

पूर्वी असलं काही नव्हतं. माझी आजी गेली, पुढे वडील गेले, तेव्हा थडगं उघडायला फक्त फावडं लागलं. कुणाचं थडगं कुठलं, हे राखणदाराला तोंडपाठ होतं. तो गेला आणि कौन्सिलने नियम आणले. नियमाप्रमाणे मालक मेल्याचा दाखला नसेल तर आत्यासाठी नव्या दफनभूमीत जागा मिळणार होती, बाह्यवळणावर, टायरच्या गोदामाच्या मागे, सगळ्या अनोळखी लोकांत.

आत्याला यातलं काहीच सांगितलं नाही. मी भेटायला गेलो की ती विचारायची, "थडग्याचं बघितलंस का, मॅलकी?" आणि मी म्हणायचो, "झालं आत्या, सगळं झालं." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा वाटलं होतं की दोन दिवसांचं काम आहे. एकदा म्हटल्यावर मात्र मागे फिरणं कठीण झालं. ती ऐकून डोळे मिटायची आणि चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

मृत्यूच्या जुन्या नोंदी हल्ली घरबसल्या संगणकावर बघता येतात. मी बघितल्या. आजोबा एकोणीसशे एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत गेले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या वर्षी बटाटे कुणी लावायचे यावर माझे वडील आणि काका भांडले होते. पण एकोणपन्नासात बार्टली गेरॅटी नव्हते. पन्नासात नव्हते. पुढच्यामागच्या वर्षांत नव्हते. चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नं लिहून ठेवली होती, दफनं नव्हती. आमच्या भागातल्या फादरांना माणूस येताना लिहावासा वाटे, जाताना नाही. थडग्यावरच्या दगडावर नुसतं "गेरॅटी" एवढंच कोरलेलं. दगड कोरणाऱ्याने अक्षरामागे पैसे घेतले असणार आणि आजी काटकसरी होती.

मग मी जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या रजिस्ट्रार बाईंकडे गेलो. ग्रॉनिया डेव्हनी त्यांचं नाव. मऊ बोलणाऱ्या, पण नियमाला घट्ट.

"नोंदच झालेली नाही," त्या म्हणाल्या. "पण आजही करता येते. वरून परवानगी मागवावी लागेल. आणि मृत्यूच्या वेळी हजर असलेलं कुणीतरी माणूस लागेल, ज्याने इथे येऊन आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे आणि माझ्यासमोर सही केली पाहिजे. असं कुणी आहे का?"

होतं. रेडिओवाल्या बाईच्या शेजारच्या खाटेवर होतं. पण तिला विचारायचं म्हणजे थडगं तुझं नाही हे सांगायचं, आणि मी तुला गेला महिनाभर थापा मारतोय हेही सांगायचं. ती दमेकरी म्हातारी ते ऐकून जागच्या जागी गेली असती तर?

"कुणी नाही," मी म्हणालो.

घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात ब्रेड भाजत होती. ॲट्राक्टाला मी सगळं सांगितलं. तिने एकच वाक्य उच्चारलं.

"आत्याला विचार."

"ॲट्राक्टा, तिची छाती बघ."

"छातीला विचारू नकोस. आत्याला विचार."

बायकांना संशोधनाची पद्धत कळत नाही, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो नाही, लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली आहेत.

खरा घोळ घातला तो समोरच्या इग्नेशियस मॅकगॅनने. इग्गीला सगळे विषय येतात. तो स्वतः कधी काही करत नाही, उंटावरून शेळ्या हाकतो. त्याने माझी गाडी कौन्सिलच्या दारात दोनदा पाहिली आणि तिसऱ्या दिवशी कुंपणावर कोपर टेकवून उभा राहिला. मी न सांगायचं ठरवलं होतं. पाच मिनिटांत सगळं सांगून बसलो.

"नोंद नाही?" इग्गी म्हणाला. "मग माणूस मेला कशावरून?"

"कशावरून म्हणजे? जागरण झालं, दफन झालं."

"शवपेटीत कोण होतं ते कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी पाहिलं. उघड्या पेटीभोवती रात्रभर गाव बसलं होतं."

"कुठलं गाव? त्यातलं आज कोण आहे?" इग्गीने सावकाश मान हलवली. "माझे वडील सांगायचे, ती पेटी एका बाजूला जड होती. दगड असले की असं होतं. तू शिकलेला माणूस आहेस मॅलकी, तुला मी काय सांगू? त्या काळी लोक बोस्टनला जायचे. कर्ज असो, भानगड असो, निघून जायचे. मागच्यांनी अब्रू कशी राखायची? पेटीत दगड घालून."

माझ्या वडिलांच्या वडिलांबद्दल माझ्याच कुंपणावर कोपर ठेवून हे बोलणं झालं. मी त्याला सुनावलं की गेरॅटींच्या घराण्यात असलं कधी झालेलं नाही. मग आत जाऊन, दार लावून घेऊन, मी बोस्टनमधले गेरॅटी शोधायला बसलो.

ते पुष्कळ निघाले. त्यातल्या लॉरेटा नावाच्या बाईंनी त्याच संध्याकाळी उलट लिहिलं. त्यांच्या आजोबांचं नाव बार्टली. ते पश्चिम आयर्लंडमधून आले. कधी आले हे कधी बोलले नाहीत, का आले हेही नाही. दारूचा गुत्ता चालवला, सहा मुलं झाली. सोबत फोटो होता. मी फोटो मोठा केला आणि माझा हात थांबला. कान. गेरॅटींचे कान डोक्याला काटकोनात असतात. माझे आहेत, वडिलांचे होते. बोस्टनच्या माणसाचे कान अगदी तसेच होते. दिवाणखान्यातला आजोबांचा फोटो मी भिंतीवरून काढला, पण त्यात त्यांनी टोपी घातली होती.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. लोक म्हणतील ते म्हणोत, पण पेटीत खरोखरच दगड असतील तर? आत्या ज्या माणसाशेजारी झोपायचं म्हणून दिवस मोजत होती, तो माणूस तिथे नसेल तर? तिने पाऊणशे वर्षं ज्याच्यासाठी जपमाळ ओढली, तो बोस्टनमध्ये बिअर विकत होता? हे तिच्या कानावर गेलं तर ती थडग्याशिवायही मरेल, आणि दुःखात मरेल. आता तर तिला विचारणं शक्यच नव्हतं.

दरम्यान शेजारच्या गावचा एक बार्थोलोम्यू गेरॅटी, बार्टलीचं पूर्ण नाव तेच, त्याच फेब्रुवारीत मेलेला सापडला होता. धंदा चांभाराचा, म्हणजे आमचे नव्हेत, आमचे शेतकरी. पण इग्गी म्हणाला की लिहिणाऱ्याची चूक होते. मीही स्वतःला समजावलं की लिहिणाऱ्याची चूक होते. आजोबा कधीमधी स्वतःचे बूट शिवत असतीलच की. मी तो दाखला मागवला आणि टिअर्नींच्या टेबलावर ठेवला, आणि प्रथमच निवडुंगाकडे बघत बोललो.

टिअर्नींनी तो सावकाश वाचला.

"मिस्टर गेरॅटी, हे गृहस्थ अविवाहित होते."

आमच्याकडे दाखल्यावर ते लिहितात. मी ते वाचलं नव्हतं. इतिहास मंडळाच्या कार्यवाहाने ते वाचलं नव्हतं.

"असं का," मी म्हणालो.

"मग तुम्ही कसे?" टिअर्नींनी विचारलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. रांगेत मागे उभी असलेली एक बाई खोकली. मी दाखला उचलला, निवडुंगाचा काटा बोटात रुतवून घेतला आणि बाहेर आलो.

संध्याकाळी मंडळाच्या सभेत माझंच व्याख्यान होतं. विषय महिनाभर आधी जाहीर झालेला: हरवलेले पूर्वज, शोधायचे कसे. एरवी आठ डोकी असतात, त्या दिवशी जादा खुर्च्या आणाव्या लागल्या. मी चर्चच्या नोंदींबद्दल बोललो, जमिनीच्या नकाशांबद्दल बोललो, कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बार्टली बोस्टनला कोणत्या बोटीने गेला?" आणि सगळा हॉल पुढे वाकला. मी तेव्हा काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ॲट्राक्टाला आठवतं, पण ती सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वृद्धाश्रमातून फोन आला. आत्याची छाती पुन्हा भरली होती. फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले होते. मेट्रन बाई म्हणाल्या, "येऊन जा. तिला तुमच्याशी बोलायचंय." मी तसाच गाडीत बसलो. रस्त्यात नवी दफनभूमी लागते. टायरच्या गोदामापलीकडे नवे दगड चकाकत होते. मला वाटलं, आता हिला इथे आणावं लागणार, आणि सगळा गाव पुढे चालत असताना मला मान वर करता येणार नाही.

आत्या उशांना टेकून बसली होती. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शेजारच्या टेबलावर काळ्या द्राक्षांची पिशवी होती.

"इग्नेशियस येऊन गेला," आत्या म्हणाली.

मी खुर्ची ओढली.

"द्राक्षं घेऊन आला. माणूस मरायला टेकलं की हा द्राक्षं आणतो. म्हणाला, कन्सेप्टाबाई, मन घट्ट करा. मग दगडांची गोष्ट सांगितली, बोस्टनची सांगितली आणि तू थडग्याचं काहीच केलेलं नाहीस तेही सांगितलं."

"आत्या, मी तुला सांगणारच..."

"गप्प बस." ती थोडी खोकली. मी पाणी पुढे केलं, तिने हाताने बाजूला सारलं. "दगड म्हणे. मी दादांना, माझ्या वडिलांना, आंघोळ घातली, मॅलकी. मी आणि आईने. दाढी माझ्या काकाने केली आणि कानामागे साबण राहिला, तो मी पुसला. पेटी एका बाजूला जड होती, कारण इग्नेशियसचा बाप प्यायलेला होता आणि तो त्या बाजूने खांदा देत होता."

ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग लगेच विचार आला की हे गेले दोन महिने या खाटेवर होतं. काखेत कळसा आणि मी बोस्टनपर्यंत वळसा घालून आलो होतो.

"मग नोंद का नाही, आत्या?"

"मला कुणी विचारलंस का? आज विचारतोयस." ती द्राक्षांकडे बघत राहिली. "त्या काळी मृत्यूची नोंद दवाखान्याचा डॉक्टरच करायचा. घरच्यांनी जाऊन सांगायचं आणि त्याने लिहायचं, असा नियम. आपला डॉक्टर लेनिहान. दादांचा जिवलग. दोघं बोटीतून एकत्र मासे धरायचे. दादांचे डोळे त्यानेच मिटले. रात्रभर जागरणाला बसला, पत्ते खेळला, पहाटे रडला. पेटीला खांदा दिला. आठवड्याने आई म्हणाली, जा कन्सेप्टा, डॉक्टरला सांगून ये. मी गेले."

"मग?"

"मग काय? त्याने दारातच माझे दोन्ही हात धरले. आत नेलं, चहा मागवला. दादांच्या गोष्टी सांगत बसला, नदीवरच्या, जत्रेतल्या. एक तास. मी त्याला काय सांगू? 'डॉक्टर, माझे वडील वारले' असं? ज्याने डोळे मिटले त्याला? तोंड वर करून ते सांगायचं म्हणजे त्याचा अपमानच की रे. मी वाट बघितली की तो विचारेल. त्याने वाट बघितली असेल की मी सांगेन. त्याने मला फाटकापर्यंत सोडलं."

"म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवलंस."

"आणि ताकाऐवजी चहा पिऊन आले. पुढच्या आठवड्यात परत गेले. परत चहा. तिसऱ्या वेळी त्याने मला खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. बिचारा. मी फाटकावरूनच वळले. घरी आईला सांगितलं, झालं सगळं." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तू मला जसं सांगतोस ना, तसंच."

मी खाली मान घातली.

"पुढे लेनिहानची मेयो परगण्यात बदली झाली," ती म्हणाली. "नव्या डॉक्टरला कोण सांगणार? आणि खरं सांगू मॅलकी? लाज होती ती वेगळी. पण ते वाक्यच माझ्या तोंडून निघत नव्हतं. सगळे येऊन मला सांगत होते की दादा गेले. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर ते गेले असते."

शेजारच्या बाईने कधी नव्हे तो रेडिओ बंद केला होता.

ग्रॉनिया डेव्हनींना मी बाहेरच्या ओसरीवरूनच फोन लावला आणि माणूस आहे असं सांगितलं. आधी नाही का म्हणालात, असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. वरची परवानगी यायला मात्र वेळ लागणार होता, मध्ये सणाची सुटी आली होती. ते दिवस मी कसे काढले, मला विचारू नका. फोन वाजला की मला धडकी भरायची. आत्या एकदा खालावली, एकदा सावरली, परत खालावली. जगातल्या कुठल्याही माणसासाठी मी असली प्रार्थना केली नसेल: देवा, निदान हिचा बाप मरेपर्यंत हिला जगव. फादरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की प्रार्थना बरोबर आहे, फक्त मोठ्याने म्हणू नकोस. इग्गी रोज कुंपणाशी येऊन म्हणायचा, "अजून आहे ना?" आणि मी रोज त्याच्या अंगावर खेकसायचो.

परवानगी आली. शुक्रवारी डेव्हनीबाई वृद्धाश्रमात आल्या, खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि कागद मांडीवर घेतला. आत्याने सकाळीच केस विंचरून घेतले होते. निळा स्वेटर घातला होता.

"कोण वारलं, मिस गेरॅटी?" डेव्हनीबाईंनी विचारलं. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं.

आत्याचा श्वास वाजत राहिला. मी पाहिलं, तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, संपलं, आता हिला बोलता येणार नाही आणि सगळं फुकट. मी बोलायला तोंड उघडलं, तर ॲट्राक्टाने माझा हात इतका जोरात दाबला की निवडुंगाचा काटा परत दुखला.

"माझे दादा," आत्या म्हणाली. "माझे दादा वारले. बार्टली गेरॅटी. मी तिथे होते."

मग तिने सही केली, हळूहळू, अक्षर न अक्षर. डेव्हनीबाईंनी पेन बंद केलं, आत्याचा हात हातात घेतला आणि आमच्याकडे मयताच्या घरी म्हणतात तसं म्हणाल्या, "तुमच्या दुःखाबद्दल फार वाईट वाटतं, मिस गेरॅटी."

खोलीच्या दारात उभी असलेली मेट्रन आत आली. तिनेही हात धरला आणि तेच म्हणाली. शेजारची बाई खाटेवरून उतरली, चालायच्या काठीवर टेकत आली, तेच म्हणाली. स्वयंपाकीण आली. दोन नर्स आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण दाराबाहेर रांग लागली होती, आणि एकेक जण आत्याचा हात धरून तिच्या वडिलांबद्दल हळहळत होता. एकोणपन्नास साली आत्या जागरणभर मागच्या खोलीत ब्रेड कापत बसली होती, तिच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. आता ती ताठ बसली होती, रडत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "फार चांगले होते हो." स्वयंपाकिणीने चहा आणला. मी द्राक्षं वाटली.

टिअर्नींनी दाखला घेतला, दोनदा वाचला. "विवाहित," ते म्हणाले आणि मान डोलावली. मग निवडुंगाकडे बघत, "फार वाईट झालं," असंही म्हणाले.

आत्या त्यानंतर तीनेक आठवडे होती. शेवटी झोपेतच गेली.

आमच्याकडे थडगं शेजारी खणतात. इग्गी फावडं घेऊन न बोलावता आला. खरं तर तो बघायला आला होता, हे मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मी भिंतीशी उभा होतो. आजी आणि वडील पलीकडच्या अंगाला होते, या अंगाला फक्त आजोबा. बऱ्याच वेळाने त्याचं फावडं थांबलं. त्याने खाली वाकून माती बाजूला केली, जुन्या लाकडावरची नावाची पितळी पट्टी अंगठ्याने पुसली आणि बराच वेळ वाचत राहिला. मग डोक्यावरची टोपी काढली.

"आहे तो," इग्गी म्हणाला. "माझ्या बापाला सांगायला हवं होतं." आणि तो पुन्हा खणायला लागला. लॉरेटाबाईंना मी कळवलं की त्यांचे बार्टली वेगळे. त्या म्हणाल्या की कान मात्र आवडले, उन्हाळ्यात येते.

दफनाच्या आदल्या रात्री आत्या पेटीत, आमच्या दिवाणखान्यात होती. सगळं क्लूनारा येऊन गेलं. हॅम तिने सांगितलेल्या खाटकाकडचंच होतं. ग्रॉनिया डेव्हनीसुद्धा आल्या. पेटीशी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली, माझा हात धरला, वाईट वाटतं म्हणाल्या आणि ॲट्राक्टाबरोबर स्वयंपाकघरात दोन सँडविचं खाऊन, कप धुऊन गेल्या.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या कार्यालयात गेलो. ॲट्राक्टा म्हणाली होती की इतकी घाई काय आहे, महिने आहेत हाताशी, आणि बाईंना तर माहीतच आहे. मी म्हणालो, म्हणूनच जातो.

दारातून मला बघताच डेव्हनीबाई उठल्या. "या, मिस्टर गेरॅटी. चहा घेणार?"

"आधी लिहून घ्या," मी म्हणालो. "मग चहा."

त्या बसल्या. पेन उघडलं.

"कोण वारलं?"

मी बोलायला गेलो आणि घशातून आवाजच फुटेना. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात जन्मभर बोललेला माणूस मी. समोरची बाई परवा माझ्या घरी होती, तिला सगळं ठाऊक होतं, तिच्या डोळ्यांतही पाणी होतं. ती पेन धरून थांबली. पडदा ओढायला तिथे खिडकी नव्हती.

"माझी आत्या," मी म्हणालो. "कन्सेप्टा गेरॅटी. ती वारली."

त्यांनी ते लिहून घेतलं.